नाना, पाचव्या प्रकरणाचं काय?

नाना,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावात, मेहरूण भागातल्या माझ्या घरी शाळाभेटीचे कागद तालुक्याप्रमाणे लावत बसले होते. फोन अक्कांचाच होता. "गयात तुना नाना," एवढंच म्हणाल्या. रडू तेव्हाच यायला हवं होतं, ते संध्याकाळी आलं. आधी जे मनात आलं ते सांगायला लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं? मनात आलं, बरं झालं, काम संपलं होतं. हाच फोन दोन आठवडे आधी आला असता तर मी स्वतःला कधीच माफ केलं नसतं.

हे आपल्या शिक्षकांच्या मासिकात छापून येणार आहे. त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेलंही थोडं लिहावं लागेल, अगदी अक्का म्हणजे तुमच्या पत्नी, इथपासून. ऐकून घ्या. मी वर्गात तुमचं पुष्कळ ऐकून घेतलंय.

गेल्या दिवाळीनंतर एका शिक्षणकोशाच्या कार्यालयाने माझ्याकडे परीक्षणाला एक नोंद पाठवली. नोंद एका पुस्तकावर होती, मोठ्या गुरुजींच्या पुस्तकावर. सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर त्यांनी चालवलेल्या शाळेची ती हकीकत. घंटा नाही, छडी नाही, मुलाने आपल्या ओढीने यावं आणि आपल्या चालीने शिकावं. डी.एड.ला असताना आम्ही सगळ्यांनी ते पुस्तक अभ्यासलं. नियमाप्रमाणे नोंद लिहिणाऱ्याचं नाव झाकलेलं होतं. पण पहिलं वाक्य 'वास्तविक'ने सुरू झालं, दुसरंही 'वास्तविक'ने, आणि तिसऱ्या वाक्यापर्यंत मला तुमचा खोकला ऐकू यायला लागला.

मी त्याच दिवशी कार्यालयाला कळवलं, नोंद लिहिणारे माझे गुरू आहेत, शिवाय ते तरुणपणी याच शाळेत मोठ्या गुरुजींच्या हाताखाली सहशिक्षक होते, मला हे काम देऊ नका. तिकडून उत्तर आलं, "खानदेशातल्या शिक्षणावर लिहिणारा एक आणि तपासणारा एक, एकमेकांना न ओळखणारे, अशी जोडी तुम्ही शोधून द्या, आम्ही लगेच बदल करू." मी दोन दिवस शोधली. मिळाली नाही.

माझे चौदा मुद्दे तुमच्याकडे गेले, तेव्हा तुम्हीही मला लगेच ओळखलं. रात्री फोन. "कोण गं चौदा मुद्दे काढतं? आणि प्रत्येकापुढे उत्तराला चौकट आखतं? यादीबाईशिवाय कोण असणार!"

"नाना, परीक्षकाशी बोलायचं नसतं. चौकटी भरून पाठवा."

"भरतो. पण दहावा मुद्दा चूक शे तुझा."

दहावा खरंच चूक होता. मी मागे घेतला. बारा चौकटी भरून आल्या, नेटक्या, तुमच्या त्या तिरक्या अक्षरात. सातवी कोरी.

मुद्दा सात असा होता: पुस्तकातल्या अकरा प्रकरणांपैकी दहांचा नोंदीत परामर्श आहे, पाचव्याचा उल्लेखही नाही. कारण द्यावे.

आता हे पुस्तक ज्याने वाचलंय त्याला पाचवं प्रकरणच आठवतं. एका वर्षी मोठे गुरुजी ऑपरेशनसाठी दीड महिना धुळ्याला होते. तो काळ मोहाच्या फुलांचा. पाड्यावरची घरं पहाटेच फुलं वेचायला जंगलात जातात, पोरांसकट. अशा हंगामात, मोठे गुरुजी नसताना, कोणी बोलावलं नसताना शाळेचा हजेरीपट रोज पूर्ण भरलेला. पुस्तकाचा सगळा डोलारा त्या प्रकरणावर उभा आहे. भाषणांत तेच, नोट्समध्ये तेच, शिक्षक दिनाच्या फळ्यावरही तेच. आणि नोंदीत त्यावर एक ओळ नाही.

मी फोन केला. "नाना, पाचवं प्रकरण कुठं आहे?"

"पुस्तकात शे."

"नोंदीत का नाही?"

"जागा कमी पडली."

"तुमच्या नोंदीत मोठ्या गुरुजींच्या चरख्यावर दोन परिच्छेद आहेत."

तुम्ही फोन ठेवून दिला. त्या रात्री मला वर्ग आठवला. धुळ्यातल्या देवपूरच्या त्या कॉलेजात तुम्ही आम्हाला हे पुस्तक शिकवायचात. चौथं प्रकरण संपलं की म्हणायचात, "पाचवं सोपं आहे, घरी वाचा," आणि थेट सहावं उघडायचात. आमच्या आधीच्या वर्षालाही हेच, नंतरच्यालाही. पेपरात प्रश्न मात्र हटकून पाचव्यावर, कारण पेपर तुम्ही काढत नव्हतात. आम्ही तुम्हाला नावं ठेवायचो. तुम्ही चुकवत होतात हे माझ्या लक्षात यायला माझी पन्नाशी उलटावी लागली.

मग मी रविवारच्या रविवार जळगाव-धुळे एसटी धरली. पारोळ्याला बस थांबली की तुमच्यासाठी प्रश्न जुळवायचे, देवपूरला पोचेपर्यंत अर्धे गाळायचे. तुमचं हृदय थकलं होतं, पाय सुजले होते, डॉक्टरांनी जिना बंद केला होता. हे सगळं मला दिसत होतं. तरी पहिल्या रविवारी विचारलं, दुसऱ्या रविवारी विचारलं. अक्का स्वयंपाकघरातून ओरडल्या, "तुना नाना खाटवर शे नि तुना कागद उशीखाले! झोपमां बी सात-सात करस तो माणूस!"

मी अक्कांना म्हटलं, पुढच्या रविवारी येणार नाही. तेव्हा तुम्हीच म्हणालात, "येऊ दे तिला. दुसरं कोण विचारणार शे?"

तिसऱ्या रविवारी जेवणं झाल्यावर तुम्ही भिंतीकडे बघत सांगून टाकलंत. मी लिहून घेतलं नाही, पण शब्द जवळजवळ तेच आहेत.

"मोठे गुरुजी धुळ्याला. मी एकटा. उन्हाळ्यातली सकाळची शाळा सात वाजता, आणि मोह पडतो पहाटे. पोरं झाडाखाली. शाळेत मी आणि एक कुत्रं. पट घसरला तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार. दुसरा शिक्षक कोण? मी. नोकरीला आठ महिने झालेले. मी बठ्ठ्यांना, एकूण एक पोराला, हजर मांडलं. रोज. मोठे गुरुजी परत आले, पट उघडला आणि रडले गं ते. म्हणाले, बघ, आपण न बोलावता आली लेकरं. माझं तोंड उघडलं नाही. महिन्याभरात ते पुस्तक लिहायला बसले."

मी मग जे बोलले ते आठवून आजही अंग चोरावंसं वाटतं. मी म्हटलं, "नाना, हे नोंदीत घालायला हवं. पण याला स्रोत काय?"

तुम्ही उठून बसलात. त्या महिन्यांत तुम्हाला एवढ्या झटक्यात उठताना मी पाहिलं नव्हतं. "स्रोत? मी बसलोय ना पुढ्यात!"

"मी मानते. कोश मानणार नाही. छापील काहीतरी लागतं."

"म्हणजे माझं छापलेलं खोटं पन्नास वर्षं चालतं, आणि तोंडाने सांगितलेलं खरं चालत नाही?"

"नाही चालत."

"काय नियम शे हा?"

"तुम्हीच शिकवलाय. संदर्भाशिवाय विधान करू नये."

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "मंग छापा ना. कोन अडावस?"

हा वाद आपला तिथे संपला नाही, नाना. तुमचं म्हणणं होतं, मोठे गुरुजी गेले, आता त्यांचं पुस्तक मोडून काय मिळणार? शाळा तर खरी होती, बाकीची दहा प्रकरणं खरी होती. माझं म्हणणं होतं, पाचव्यामुळे लोक बाकीची दहा वाचतच नाहीत. तुम्ही म्हणालात, "तुला माणसापेक्षा नोंद प्यारी." यावर उत्तर माझ्यापाशी होतं, आणि तेच तुम्हाला सांगायचं राहून गेलंय. ते आता लिहिते.

बारा वर्षांपूर्वी मी जळगाव तालुक्यातल्या एका गावात मुख्याध्यापिका होते. कापूस वेचणीच्या दिवसांत आमची शाळा ओस पडायची आणि शिक्षक सकाळी घरोघर फिरून मुलांना गोळा करून आणायचे. ओरडून, आमिष दाखवून, कधी हात धरून. मी पाचवं प्रकरण पुन्हा वाचलं, रात्री दोनदा वाचलं, आणि ठरवलं की यंदा कोणी कोणाला बोलवायला जायचं नाही. फाटक उघडं ठेवायचं. वर्ग सजवायचे. मुलं येतील. तीन आठवडे मी व्हरांड्यात खुर्ची टाकून फाटकाकडे बघत बसले. पहिल्या आठवड्यात अकरा मुलं आली, तिसऱ्यात चार. साहेबांची भेट झाली, शेरा आला, सहकारी माझ्यासमोर गप्प आणि मागे हसत होते. मी माझ्या वहीत कारणं लिहिली. पहिलं कारण: माझी ओढ कमी पडली. मोठ्या गुरुजींइतकं प्रेम मला करता येत नाही. ते पान मी फाडलं नाही. त्यानंतर, अधिकारी झाल्यावरही, माझ्या हाताखालच्या शाळांत मी एकही नवा प्रयोग स्वतःच्या नावावर केला नाही. इतरांच्या प्रयोगांच्या याद्या केल्या, त्या चांगल्या केल्या.

म्हणून तुम्ही भिंतीकडे बघत बोलत होतात तेव्हा मला तुमचा राग आला होता. खूप. आणि त्याच वेळी खांद्यावरून काहीतरी उतरत होतं. तो राग मी तुम्हाला दाखवला नाही. नियम सांगितला.

शेवटी तुम्ही अक्कांचंच ऐकलंत. पुढचे पाच आठवडे तुम्ही मासिकासाठी दीड पानाची कबुली लिहीत होतात. मी दर रविवारी फोन करत होते. एकदा अक्कांनी फोन उचलला आणि म्हणाल्या, "त्यासले श्वास लागस, बाई. तू ऱ्हाऊ दे आते." मी म्हटलं, "हो अक्का, राहू देते." फोन ठेवला आणि तुम्हाला पत्र टाकलं, 'मुद्दा सात मागे घेते.' ते पत्र आठवड्याच्या आत परत आलं. पाठीमागे तुमची एक ओळ होती: परीक्षकाने दया दाखवू नये, नोंद बिघडते. सोबत दीड पान.

मासिकाने ते छापलं. तुमच्या हातात अंक पडला त्या संध्याकाळी मी नोंदीत दोन वाक्यं घातली, खाली तुमच्या लेखाचा संदर्भ दिला, शेवटच्या चौकटीत 'मान्य' लिहिलं आणि तुम्हाला फोन केला.

"नाना, मुद्दा सात निकाली."

"आता बाकी काय?"

"काही नाही."

"मग फोन काय ठेवतेस? बोल ना जरा."

 आपण तीस वर्षांत कामाशिवाय बोललोच नव्हतो. तरी वीस मिनिटं बोललो. पांझरेला पाणी आहे का, मेहरूणच्या तळ्यावर यंदा पक्षी आले का, अक्का खिचडीत मीठ घालत नाहीत अशी तुमची तक्रार, आणि मागून अक्कांचं "डॉक्टरले सांग!" तुम्ही हसलात, हसताना खोकलात, पुन्हा हसलात. त्या वीस मिनिटांत फाटकाची गोष्ट सांगायला जागा होती. मी सांगितली नाही. तुम्ही इतके मोकळे वाटत होतात, त्यात माझं कशाला?

नऊ दिवसांनी अक्कांचा फोन.

गंधमुक्तीच्या दिवशी, सुतक फेडण्याचे विधी आटोपल्यावर, देवपूरच्या तुमच्या घरासमोर मांडव घालून श्रद्धांजलीची भाषणं झाली. तिसरे वक्ते तुमचे एक जुने सहकारी. त्यांनी माइक घेतला आणि सुरू केलं, "ज्यांच्या साक्षीने ते पाचवं प्रकरण घडलं, मुलं न बोलावता शाळेत आली…" माझी मान खाली गेली. तेवढ्यात पहिल्या रांगेतून अक्का म्हणाल्या, माइक नसताना सगळ्या मांडवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "ते खोटं शे, भाऊ! त्यासनी सोता लिखेल शे. मासिक वाचत नहीं का तुम्ही?"  मग मागच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि हसू मांडवभर पसरलं. तुमच्या श्रद्धांजलीला लोक हसले, नाना. तुम्हाला आवडलं असतं.

चहाच्या वेळी एक बाई माझ्याजवळ आल्या. साठी ओलांडलेल्या, काळ्या, ताठ. मुलाबरोबर दोन गाड्या बदलून डोंगराकडून आल्या होत्या. नाव रूमाबाई. त्या पाड्यावरच्या, त्याच शाळेतल्या, त्याच वर्षीच्या. मुलाने त्यांना तुमचा लेख वाचून दाखवला होता. त्यांचं बोलणं मला जमेल तसं लिहिते; त्यातलं 'लई' म्हणजे 'घेऊन'.

"गुरुजी असं कसं लिखनात? येत ना ते. आठवडाना दोन-तीन रोज झाडखाले येत. टोपलं लई बसेत आमना संगे. फुलं मोजाले लावेत. पाटी बी लई येत."

मी विचारलं, "आणि बाकीचे दिवस?"

"बाकीना रोज झोपेत. तरणा माणूस व्हता." बाई गालात हसल्या.

"झाडाखाली हजेरी घेत होते?"

"नाव नहीं पुकारेत. तोंडं देखेत. कोन नहीं आयनं, त्याना घर जायेत."

तुमचा दीड पानाचा लेख माझ्या पिशवीत होता. मी तिथेच उघडून पाहिला. तुम्ही लिहिलंय, त्या दीड महिन्यात एकही दिवस शाळा भरली नाही. एकही दिवस. नाना, 'नेहमी', 'कधीच', 'एकही' असे शब्द दिसले की खाली रेघ मारायची, ही माझी पंचवीस वर्षांची सवय. तुमच्या कबुलीतल्या 'एकही'वर मी रेघ मारली नाही. काम संपल्याचा मला एवढा आनंद झाला होता की मी तपासलंच नाही. तुमचं खोटं शोधायला मी चार महिने घालवले, आणि तुम्ही स्वतःवर घातलेलं जास्तीचं ओझं मला दिसलं नाही.

परतीच्या बसमध्ये मला हसू येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते. शेजारच्या बाईने विचारलं, "घरनं कोनी गयं का?" मी म्हटलं, हो. पण मनात वेगळंच चाललं होतं. मी बारा वर्षांपूर्वी फाटक उघडून वाट बघत बसले होते. मुलं शेतात होती, मी व्हरांड्यात. प्रेम कमी पडलं नव्हतं, नाना, मी फक्त खुर्चीतून उठले नव्हते. नोकरीच्या भीतीने पट खोटा भरणारा, आठवड्यातले चार दिवस झोपणारा एक तरणा मास्तर उरलेल्या दोन-तीन दिवशी उठून टोपल्यांपाशी गेला होता. पुस्तकात हे नाही. तुमच्या कबुलीतही नाही. तुम्हाला ते सांगण्यासारखं वाटलंच नसावं. शाळा म्हणजे इमारत आणि घंटा नव्हे, हे आम्हाला शिकवणाऱ्या माणसाला स्वतःची झाडाखालची शाळा मोजता आली नाही.

हे नोंदीत जायला हवं. आणि नियम तोच आहे. रूमाबाईंचं तोंडी सांगणं चालणार नाही, छापील स्रोत लागेल. म्हणून हे लिहिलं. तुमच्या आठवणींनी लिहिलं हे खरं, पण हा अंक निघाला की पाचव्या प्रकरणाला एक संदर्भ मिळेल, हेही तितकंच खरं. परीक्षण मी करणार नाही. लेखक मी असल्यामुळे नियमाने बाद आहे, तसं कार्यालयाला कळवलं आहे. माझ्या जागी जो कोणी येईल त्याने सवलत देऊ नये.

मजकूर पक्का करण्याआधी रूमाबाईंना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी त्यांचं नाव घालायला हरकत घेतली नाही, 'काळ्या' म्हटलंय त्यालाही नाही. एकच दुरुस्ती सांगितली. मी मसुद्यात लिहिलं होतं की तुम्ही मुलांना फुलांचे दहा-दहाचे ढीग लावायला शिकवायचात. त्या म्हणाल्या, दहाचे नाही, वीसचे. पाड्यावर सगळं विसांनी मोजतात. पहिले काही दिवस तुम्ही दहाचाच हट्ट धरलात, मुलांचे ढीग मोडून पुन्हा लावून घेतलेत. मग एका सकाळी तुम्ही पाटी खाली ठेवलीत आणि म्हणालात, बरं, तुमचं दाखवा.

ती दुरुस्ती केली आहे.